विकतचा नंबर

बेळगावहून लोंढ्याकडे निघालेली आगगाडी खानापूर मागे टाकून जंगलाच्या दिशेने वळू लागली, की गुंजीचे लहानसे स्टेशन लागते. गावची देवी माउली. जत्रेच्या दिवसांत देवळाच्या परिसरात नारळ-फुलांची, बांगड्यांची, खेळण्यांची दुकाने मांडली जातात आणि मुलांचे सर्व लक्ष एकाच गोष्टीकडे लागते : फिरत्या पाळण्याकडे. पाळण्याचे तिकीट सर्वांना एकच. ते काढायचे आणि नंबर लावायचा. जो आधी आला तो आधी चढेल, हा तिथला कायदा. तो कुठल्या फलकावर लिहिलेला नसतो. पण एखादा मध्येच घुसू लागला तर ‘ए, मागं जा, नंबर लाव’ असा आवाज दहा तोंडांतून एकदम उठतो. त्या क्षणी घुसणारा कोणाचा मुलगा आहे, हे कोणी विचारीत नाही.

आता हीच मुले शाळेच्या सहलीने एखाद्या मोठ्या करमणूक-उद्यानात गेली आहेत, अशी कल्पना करावी. गुंजी सरहद्दीवरचे गाव असल्यामुळे त्यांना दोन वाटा मोकळ्या आहेत. निपाणी, कोल्हापूर, पुणे अशी मजल मारीत गेले, तर खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका आहे; दक्षिणेकडे गेले, तर बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ २००५ पासून चालू असलेले वंडरला आहे. मुंबईला गोराई येथे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उभे राहिले, तेव्हापासून मराठी मुलांच्या सहलींच्या यादीत किल्ले आणि लेणी यांच्या जोडीने या यांत्रिक पाळण्यांनाही जागा मिळाली आहे. आईवडिलांनी महिनोन् महिने बाजूला टाकलेल्या पैशातून मुलाची वर्गणी भरलेली असते. रात्रभर प्रवास करून ही मुले सकाळी दारात उभी राहतात, आत जातात आणि सर्वांत उंच, सर्वांत भयंकर अशा पाळण्याच्या रांगेत उभी राहतात.

तेथे त्यांना एक नवी गोष्ट दिसते. रांग एक नसून दोन आहेत. एक लांबलचक, कठड्यांमधून नागमोडी फिरणारी. दुसरी आखूड, जवळजवळ मोकळी. दुसऱ्या रांगेतील माणसांनी अधिक पैसे भरून वेगळे तिकीट घेतलेले असते. इमॅजिकात त्याला ‘एक्सप्रेस’ म्हणतात, वंडरलात ‘फास्टट्रॅक’. नावे निराळी, व्यवहार एकच : मागून यायचे आणि पुढे जायचे. अर्धा तास उन्हात उभा असलेला मुलगा गुरुजींना विचारतो, ‘गुरुजी, ते आपल्या मागनं आले ना?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे, तर भावनेबरोबर थोडे गणितही मांडावे लागते. ते गणित सातवीच्या मुलालाही समजण्याजोगे आहे.

समजा, पाळण्याच्या एका फेरीत २० माणसे बसतात आणि दर ३ मिनिटांनी एक फेरी सुटते. म्हणजे तासाला २० फेऱ्या आणि ४०० माणसे. साध्या रांगेत आपल्यापुढे ४०० माणसे असतील, तर आपला नंबर एका तासाने लागेल. आता जादा पैशांचा पास घेतलेली १०० माणसे दर तासाला दुसऱ्या दाराने येऊ लागली. पाळणा तोच, फेऱ्या तेवढ्याच. साध्या रांगेसाठी तासाला ३०० जागा उरल्या. त्याच ४०० माणसांना पुढे सरकायला आता ८० मिनिटे लागतील. पासवाले २०० झाले, तर २ तास. ३०० झाले, तर ४ तास. येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पासांची संख्या दर वेळी शंभरानेच वाढली. पण साध्या रांगेतील ताटकळणे आधी २० मिनिटांनी, मग ४० मिनिटांनी आणि मग एकदम २ तासांनी वाढले. पास थोडे असतात तोपर्यंत त्यांचा उपद्रव जाणवत नाही. ते बरेच झाले की उपद्रव झपाट्याने वाढतो. म्हणून ‘चार माणसे पुढे गेली तर काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर चारच गेली की चारशे, यावर अवलंबून आहे.

कोणी म्हणेल की पासामुळे पुष्कळांचा वेळ वाचतो, हे का विसरता? तो वाचतो, हे खरे. पण वाचलेला वेळ कोठून येतो, हेही पाहिले पाहिजे. सकाळी दार उघडताच ४०० माणसे एकदम आली, अशी कल्पना करा. पास नसतील, तर पहिल्याला लगेच, शेवटच्याला तासाने, आणि सर्वांना सरासरी ३० मिनिटांनी जागा मिळेल. आता त्यांतील १०० जणांना पास देऊन आधी सोडले. ते पहिल्या पाव तासात बसून मोकळे होतील. त्यांचे थांबणे सरासरी साडेसात मिनिटांचे. उरलेल्या ३०० जणांचे थांबणे मात्र सरासरी साडेसदतीस मिनिटांचे होईल. पासवाल्या शंभरांनी प्रत्येकी साडेबावीस मिनिटे वाचवली, म्हणजे एकूण २२५० मिनिटे. बिनपासवाल्या तीनशेंनी प्रत्येकी साडेसात मिनिटे अधिक गमावली, म्हणजे तीही एकूण २२५० मिनिटेच. जमा आणि खर्च तंतोतंत जुळतात. पाळण्याच्या मालकाने कोणालाही नवा वेळ निर्माण करून दिलेला नाही. एकाच्या खिशातील वेळ दुसऱ्याच्या खिशात घातला आणि त्याची दलाली मात्र स्वतः घेतली.

रांगेचे हे शास्त्र काल-परवाचे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनच्या तारांवर होणाऱ्या गर्दीचे गणित मांडले, तेव्हा या शास्त्राचा पाया घातला गेला. १९५४ साली ॲलन कॉबम याने काही ग्राहकांना अग्रक्रम दिला असता प्रत्येक वर्गाला किती थांबावे लागेल, याचा हिशेब प्रसिद्ध केला. १९६१ साली जॉन लिटल याने एक अतिशय साधा नियम सिद्ध केला : रांगेतील माणसांची सरासरी संख्या म्हणजे दर तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचे थांबणे. पुढे लेनर्ड क्लाइनरॉक याने दाखवून दिले की काम करणारा तोच आणि कामाचा वेग तोच असेल, तर अग्रक्रमाची अदलाबदल करून एकूण थांबण्यात बचत होत नाही. एकाचे घटले की दुसऱ्याचे वाढते. एखाद्या पाळण्यासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला जे मनात सलत असते, त्याला गणिताने असा दुजोरा दिला आहे.

शिवाय वरचा हिशेब पासवाल्यांच्या बाजूने थोडा उदारच आहे. त्यात पासवाला एकदाच पाळण्यात बसतो, असे धरले. प्रत्यक्षात ज्याला थांबावे लागत नाही, तो दिवसभरात अधिक वेळा बसतो. म्हणजे तो नुसता पुढे जात नाही, तर जागाही अधिक खातो. साध्या तिकिटाचा मुलगा संध्याकाळपर्यंत चार पाळणे पाहून परततो, तर दुसरा दहा. प्रवेशद्वारावरच्या फलकात मात्र ‘सर्व पाळण्यांचा आनंद’ दोघांनाही सारखाच देऊ केलेला असतो.

मग ही रांग एवढी लांबतेच का? जत्रेतल्या पाळण्यापुढे ती अशी का लांबत नाही? याचे एक कारण तिकिटाच्या पद्धतीत आहे. जत्रेत प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे पडतात, म्हणून मुले बेताने बसतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँड सुरू झाले, तेथेही काही महिन्यांतच कुपनांची वही आली. साध्या खेळाला स्वस्त कुपन, लोकप्रिय खेळाला महाग कुपन. ही पद्धत १९८२ पर्यंत चालली. पुढे एकदाच प्रवेशमूल्य भरून आत सर्व खेळ ‘फुकट’ अशी व्यवस्था झाली. पण जे पैशाने फुकट होते त्याची किंमत माणूस दुसऱ्या नाण्यात भरतो, आणि ते नाणे म्हणजे वेळ. १९९९ साली डिस्नीने ‘फास्टपास’ काढला; तोही आरंभी सर्वांना विनामूल्य होता. त्यावर छापलेल्या वेळेला परत यायचे, एवढेच. करोनाच्या साथीत तो बंद पडला आणि २०२१ साली त्याच्या जागी जे आले, ते पैसे घेऊन. फुकट होते ते विकाऊ झाले, आणि आज जगभरच्या उद्यानांचा कल त्याच दिशेने आहे.

या कलात एक धोका दडलेला आहे. पास विकत कोण घेईल? साधी रांग मोकळी असेल, तर कोणीही घेणार नाही. साधी रांग जितकी लांब, तितका पास अधिक मोलाचा. म्हणजे ज्याच्या हाती रांग आखूड करण्याचे उपाय आहेत, त्यालाच ती लांब राहण्यात फायदा दिसू लागतो. जास्तीचा डबा जोडावा, जास्तीचा माणूस दारावर ठेवावा, गर्दीच्या दिवशी तिकिटे मर्यादित विकावीत, या गोष्टींना पैसा लागतो. आणि त्या केल्या तर पासांची विक्री घटते. कोणी मालक हेतुपुरस्सर असे करतो, असा आरोप येथे नाही. पण ज्या व्यवहारात दुसऱ्याच्या त्रासातून आपला नफा वाढतो, त्या व्यवहारावर नजर ठेवावी लागते, एवढे कोणताही सुज्ञ माणूस मान्य करील.

पैसे देऊन लवकर सुटणे प्रत्येक ठिकाणी वाईटच, असेही मात्र म्हणता येणार नाही. बेळगाव-निपाणी-कोल्हापूर या महामार्गावरच्या टोलनाक्याचे उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी २०२१ पासून देशभर राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. मोटारीच्या काचेवरची पट्टी यंत्र वाचते आणि गाडी सुटते. सुट्या पैशांची घासाघीस नाही. येथे एका गाडीला लागणारा वेळच कमी झाला, म्हणून सर्वांचीच रांग घटली. पुढच्याच्या घाईची किंमत मागच्याला मोजावी लागली नाही. पाळण्याच्या पासात आणि या पट्टीत हाच मूलभूत फरक आहे : एक उपाय काम जलद करतो, दुसरा फक्त क्रम बदलतो. नावात दोन्हीकडे ‘फास्ट’ असल्यामुळे लोकांची फसगत होते.

रेल्वेचे तत्काळ तिकीट या दोहोंच्या मधले आहे. १९९७ साली ही योजना सुरू झाली. तिच्यात काही जागा बाजूला काढून ठेवतात आणि त्यांना जादा आकार घेतात. तिच्याविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. दलालांच्या उपद्रवामुळे २०२५ च्या जुलैपासून तिच्यासाठी आधारची पडताळणी सक्तीची करावी लागली. तरीही तिच्यात दोन गुण आहेत. बाजूला काढलेल्या जागा ठरलेल्या असतात. आणि साध्या तिकिटाच्या उतारूला आपला प्रतीक्षा-क्रमांक किती, हे कागदावर दिसते. तो पाहून जायचे की घरी राहायचे, हे त्याचे तो ठरवतो. पाळण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला हे दोन्ही कळत नाही. आज किती पास विकले गेले, हे त्याच्या गुरुजींना तिकीट काढताना कोणी सांगत नाही.

पासाच्या बाजूनेही बोलण्यासारखे काही आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. असली यंत्रे फार महाग असतात, त्यांची निगा दररोज राखावी लागते, आणि पासाच्या पैशातून साधे तिकीट थोडे स्वस्त ठेवता येते, असे म्हणता येईल. मुंबईच्या लोकलचा पहिला वर्ग दुसऱ्या वर्गाच्या आधी पोचत नाही. तरी गर्दी टाळण्यासाठी लोक त्याला कितीतरी अधिक पैसे मोजतात. पॅरिसच्या भुयारी रेल्वेतही १९९१ पर्यंत असा पहिला वर्ग होता. ज्याच्यापाशी पैसा थोडा आणि वेळ पुष्कळ, त्याने वेळ द्यावा. ज्याच्यापाशी वेळ थोडा, त्याने पैसा द्यावा. दोघेही आपापल्या परीने सुखी, असा हा युक्तिवाद आहे. तो बाजारात चालतो. पण गुंजीहून आलेल्या मुलापाशी वेळ तरी कोठे पुष्कळ आहे? त्याला संध्याकाळी सहाला बस गाठायची आहे आणि पुन्हा येथे येणे आयुष्यात घडेल की नाही, याची शाश्वती नाही. त्याचा तास श्रीमंताच्या तासाहून स्वस्त आहे, हे कोणी ठरवले?

हार्वर्ड विद्यापीठातील मायकेल सँडेल यांनी पैशाने काय विकत घेता येऊ नये, यावर २०१२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे पहिलेच प्रकरण रांग मोडण्याविषयी आहे, यात आश्चर्य नाही. रांगेत एक समता असते. ती फार मोठी नसते, तासा-दोन तासांपुरतीच असते. पण राव आणि रंक यांना शेजारी-शेजारी उभे करणाऱ्या जागा समाजात थोड्याच उरल्या आहेत. ज्यांनी रेशनच्या दुकानापुढच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. त्या रांगेत धान्य कमी मिळाल्याचे दुःख असे. पण वशिल्याने कोणी आधी घेऊन गेला, तर होणारा संताप त्या दुःखापेक्षा मोठा असे.

हाच प्रश्न देवाच्या दारातही उभा आहे, म्हणून तो केवळ खेळाचा म्हणून सोडून देता येत नाही. तिरुपतीला ३०० रुपयांचे विशेष प्रवेश-दर्शन आहे; शिर्डी आणि त्र्यंबकेश्वर येथेही शुल्क वा देणगी घेऊन लवकर दर्शनाची सोय झाली. देवळांतील अशा विशेष दर्शनाविरुद्धचा एक अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा ३१ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने तो दाखल करून घेतला नाही. मात्र अशी खास वागणूक असू नये, असे आपले मत असल्याचे न्यायमूर्तींनी नमूद केले, आणि निर्णय समाज व देवस्थानांचे व्यवस्थापन यांवर सोपवला. न्यायालयाने चेंडू समाजाच्या अंगणात टाकला आहे.

त्या समाजाने दुसऱ्या वाटाही शोधून ठेवल्या आहेत. पंढरपूरला पदस्पर्शाची रांग निराळी आणि मुखदर्शनाची निराळी. ज्याला विठोबाच्या पायांवर डोके ठेवायचे आहे, तो तासन् तास उभा राहतो. ज्याला दुरून मुख पाहून समाधान आहे, तो लवकर बाहेर पडतो. येथेही दोन रांगा आहेत, पण त्यांना वेगळे करणारी गोष्ट पैसा नाही, तर ज्याची त्याची इच्छा आहे. लवकर जाणारा थोडे कमी घेतो, म्हणून मागच्याचे काही हिरावले जात नाही. जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन से कॅथेड्रलमध्ये भरले होते. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या या सोहळ्याला बेळगाव-खानापूरकडूनही भाविक जातात. तेथील दर्शनाला शुल्क नव्हते. रांग लांब होती. तिच्यात उभे राहणे हाच यात्रेचा एक भाग आहे, असे मानणारी माणसे त्या रांगेत होती.

मग करमणुकीच्या उद्यानांनी काय करावे? पास बंदच करावेत, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, पासांना मर्यादा घालावी. वीस जागांच्या फेरीत दोनच जागा पासवाल्यांच्या, असे ठरवले, तर वरच्या उदाहरणात साध्या रांगेचे थांबणे ६० मिनिटांवरून सुमारे ६७ मिनिटांवर जाईल. एवढे कोणीही सोसेल. दुसरी गोष्ट, एकट्याने बसायला तयार असलेल्यांची वेगळी रांग ठेवावी. तिघांचे कुटुंब चार जणांच्या ओळीत बसते, तेव्हा एक जागा रिकामी जाते; ती भरली, तर कोणाचेही न हिरावता रांग खरोखरच घटते. तिसरी, किंमत माणसाप्रमाणे न बदलता दिवसाप्रमाणे बदलावी. मंगळवारी स्वस्त आणि रविवारी महाग असले, तर गरीब शाळा मंगळवारी येईल आणि मोकळ्या रांगेत उभी राहील. चौथी, तिकीटखिडकीवरच फलक लावावा : आज किती पास विकले, साध्या तिकिटाला कोणत्या पाळण्यापुढे किती वेळ लागत आहे. माल विकताना वजन सांगावे लागते. वेळ विकताना तो किती लागेल, हे सांगायला काय हरकत आहे?

आणि शाळांनीही एवढे करावे. सहल ठरवताना जेवणाची आणि बसची चौकशी होते, तशीच पासांचीही करावी. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या टाळाव्यात. दार उघडण्याच्या वेळी पोचावे आणि सर्वांत गर्दीचा पाळणा पहिल्या तासातच गाठावा. कारण रांग दुपारपर्यंत वाढत जाते. चार मुलांच्या पालकांनी पासाचे पैसे दिले आणि बाकीच्यांना ते परवडले नाहीत, असे झाले, तर गुरुजींनी ते पैसे नम्रपणे परत करावेत. एका वर्गातील मुलांना दोन दारांनी आत सोडण्यासाठी सहल काढलेली नसते.

‘ते आपल्या मागनं आले ना?’ या प्रश्नाला ‘होय, मागूनच आले’ असे खरे उत्तर द्यावे. त्यांनी जास्त पैसे दिले, हेही सांगावे. त्यांचा वेळ कोणाच्या वेळातून कापला गेला, हे शाळेत परतल्यावर फळ्यावर मांडून दाखवावे. त्रैराशिकाला याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही. आणि पुढच्या जत्रेत गुंजीच्या पाळण्यापुढे तोच मुलगा नंबर लावून उभा राहील, तेव्हा आपल्या मागे उभ्या असलेल्या लहानग्याला कोणी ढकलून पुढे जात नाही ना, याकडे तो आपण होऊन लक्ष देईल, अशी आशा करायला हरकत नाही.